मुंबईत पर्यावरण सल्लागाराची पहिली फाइल

पर्यावरणशास्त्राची किंवा सिव्हिलची पदवी घेऊन सल्लागार कंपनीत लागलेल्यांना पहिल्या आठवड्यात कायद्यांची यादी वाचायला देतात: पाणी कायदा १९७४, हवा कायदा १९८१, पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६, ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचे मूल्यमापन) अधिसूचना २००६, सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना २०१९. यादी पाठ होते, पण पहिली फाइल टेबलावर आली की ती कुठून उलगडायची ते समजत नाही. फाइल कायद्याच्या क्रमाने येत नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसातून व्हॉट्सॲपवर एक नकाशा येतो, खाली निरोप असतो, 'जरा लवकर बघा', आणि तिथून तुमचे काम सुरू होते.

समजायला सोपे जावे म्हणून इथे एकच कल्पित प्रकल्प धरू. विक्रोळी पूर्वेला पूर्व द्रुतगती मार्गाजवळ जुन्या सोसायटीचा पुनर्विकास आहे, भूखंड १०,००० चौरस मीटरचा, नव्या सदनिका ४००.

आधी आकड्यांचे एक पान

कोणताही अर्ज उघडण्याआधी एका पानावर प्रकल्पाचे मूळ आकडे लिहून घ्या: भूखंडाचे क्षेत्र, एकूण बांधकाम क्षेत्र, सदनिका, माणसे, पार्किंग, झाडे, पाण्याची गरज, सांडपाणी, कचरा, डीजी सेटची (डिझेल जनरेटरची) क्षमता, प्रकल्पाचा खर्च. पानावर तारीख आणि आर्किटेक्टच्या नकाशाचा आवृत्ती क्रमांक टाका. नकाशा बदलला की जुन्या पानावर रेघ मारून नवे पान करा.

याला इतके महत्त्व का, ते पहिली त्रुटी आली की कळते. पर्यावरण मंजुरीच्या अर्जांसाठीच्या केंद्राच्या परिवेश पोर्टलवर सदनिका ४००, वृक्ष खात्याकडच्या नकाशात ३९२, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अर्जात ४१२. प्रत्येक आकडा त्या त्या दिवशी बरोबरच होता. तपासणारा अधिकारी मात्र तीन कागद शेजारी ठेवून विचारतो, यातला खरा कोणता? रखडलेल्या फाइली चाळल्या तर कायद्याच्या गुंत्यापेक्षा अशा न जुळणाऱ्या आकड्यांनी अडलेल्या जास्त निघतात.

जागेची कुंडली

मुंबई शहर-उपनगरात बहुतेक ठिकाणी सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका बघावी लागते. तिच्यावरचा नगर भूमापन क्रमांक, म्हणजे सगळे ज्याला सीटीएस नंबर म्हणतात तो, आणि महापालिकेकडचा डीपी रिमार्क (विकास आराखड्यात या जमिनीवर काय दाखवले आहे, त्याचा दाखला) आधी मागवा. आराखडा २०३४चा आहे ना, एवढे पाहा. भूखंडावर रस्त्याचे किंवा उद्यानाचे आरक्षण असेल तर क्षेत्राचा हिशेब तिथेच बदलतो. मुलुंड, भांडुप, बोरिवलीच्या डोंगराकडच्या जमिनींत 'खासगी वन' असा शेरा आहे का, तोही शोधा. जमीन वनात मोडत असेल तर १९८०च्या वन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागते आणि सगळे वेळापत्रक नव्याने मांडावे लागते.

मग सीआरझेड. मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांचा २०१९च्या अधिसूचनेनुसारचा किनारा व्यवस्थापन आराखडा २०२१ मध्ये मंजूर झाला. समुद्रासमोर उच्चतम भरती रेषेपासून ५०० मीटर आणि खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातले कमी असेल ते, असे हे नियंत्रण आहे. आधीच्या २०११च्या नियमात खाडीकाठचा आकडा १०० मीटर होता. जुना अहवाल नक्कल करून नवा बनवणाऱ्यांच्या हातून हमखास निसटते ते हेच.

गूगल अर्थवर रेघ ओढून 'सीआरझेडबाहेर' असे लिहून देऊ नका. भूखंड रेषेच्या आसपास असेल तर केंद्राने मान्य केलेल्या संस्थेकडून १:४००० प्रमाणात नकाशा करून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो आणि पैसेही बरेच लागतात, म्हणून पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

विक्रोळीसारख्या ठिकाणी तिवरांकडे वेगळे लक्ष हवे. १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा बफर अधिसूचनेतच आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८चा निकाल त्याहून कडक आहे आणि तो कांदळवनाच्या आकाराकडे बघत नाही. साइटच्या मागच्या नाल्यात पेन्सिली रोवल्यासारखी मुळे वर आलेली दिसली तर ती तिवराची श्वसनमुळे आहेत. 'झुडपे' म्हणून सोडून दिलीत तर पुढे तेवढ्यावरच फाइल परत येते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांच्याभोवतीचे इको सेन्सिटिव्ह झोनही याच टप्प्यावर अक्षांश-रेखांश टाकून तपासा.

कोणती मंजुरी लागते

ईआयए अधिसूचनेत इमारतींचे दोन खाने आहेत. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटरपासून १,५०,००० पर्यंत असेल तर ८(अ). त्यापुढे, किंवा ५० हेक्टर आणि त्याहून मोठा भूखंड असेल, तर ८(ब), आणि त्यात पूर्ण ईआयए अहवाल लागतो. इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणी नसते, ती खाणी, कारखाने, बंदरे वगैरेंना. ईआयए अहवाल करणारी संस्था नॅबेट या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता असलेली लागते. तुमच्या कंपनीकडे ती त्याच क्षेत्रासाठी आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

इथे सगळ्यात मोठा खड्डा 'बांधकाम क्षेत्र' या शब्दात आहे. बिल्डर आणि आर्किटेक्ट दिवसभर एफएसआयच्या, म्हणजे चटई क्षेत्राच्या भाषेत बोलतात. पर्यावरण मंजुरीला सगळे छताखालचे क्षेत्र मोजतात: तळघर, पोडियम, पार्किंगचे मजले, जिने, लिफ्ट, रेफ्यूज मजला (आगीच्या वेळी थांबायचा), सगळे. एफएसआय १३,००० चौरस मीटर असलेली इमारत पार्किंगच्या चार मजल्यांमुळे सहज २०,००० ओलांडते. आर्किटेक्टकडून एफएसआय आणि बिगर-एफएसआय असे दोन स्तंभ आणि त्यांची बेरीज, सही-शिक्क्यासह घ्या. एकाच लेआउटचे दोन तुकडे करून प्रत्येक २०,०००च्या खाली दाखवायची कल्पनाही कधी ना कधी कानावर येईल. दोन्ही तुकड्यांचा रस्ता, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) आणि प्रवेशद्वार एकच असेल तर ते तुकडे कागदावरच राहतात, आणि हरित लवादात तक्रार करणाऱ्याला तेवढे पुरते.

पर्यावरण मंजुरी हाती यायच्या आधी काम सुरू करता येत नाही. जागा सपाट करून कुंपण घालणे वेगळे आणि पायासाठी खोदणे वेगळे. हे लेखी कळवा. फोनवर सांगितलेले नंतर कुणाला आठवत नाही.

जागेवर जाताना

पिशवीत जीपीएस किंवा चांगला फोन, टेप, खडू, पाण्याच्या बाटल्या, नकाशाची मोठी प्रत आणि गमबूट. नकाशावर उत्तर दिशा कुठे, हे गेटवरच ठरवून घ्या.

खाडीजवळची जागा असेल तर भरतीच्या वेळी जा, शक्य असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. ओहोटीला कोरडा वाटणारा नाला तेव्हा उलटा वाहताना दिसतो. त्या नाल्यात तुम्ही पावसाचे पाणी सोडणार आहात. त्यामुळे भूखंडाच्या बाहेर पडणाऱ्या गटाराच्या तळाची पातळी आणि तिथली भरतीची पातळी ही दोन मोजमापे नसतील तर पावसाच्या पाण्याचा आराखडा म्हणजे अंदाज झाला. मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मिमी पाऊस धरून बांधलेली होती, नंतरच्या सुधारणेत ५० मिमी धरला गेला. आपल्या १०,००० चौरस मीटरवर तासाला ५० मिमी पडला आणि त्यातला ९० टक्के वाहून गेला तर ४५० घनमीटर होतात, म्हणजे सेकंदाला १२५ लिटर. बाहेरचे गटार भरतीला तुंबणार असेल तर हे पाणी थोडा वेळ धरून ठेवणारी टाकी दाखवा.

झाडे स्वतः मोजा. झाडावर रंगाने क्रमांक घाला आणि नाव, साडेचार फुटांवरचा घेर, उंची, तब्येत नोंदवा. नंतर नकाशावर बसवून राखायचे, हलवायचे की तोडायचे ते ठरवा. जुन्या सोसायट्यांत नारळ, आंबा, गुलमोहर, सोनमोहर असतातच. भिंतीत उगवलेला पिंपळ धरायचा की नाही यावर वाद होतो, तेव्हा तोही यादीत घ्या आणि शेरा लिहा. महाराष्ट्राच्या १९७५च्या झाडांच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावायची आणि ५० वर्षे व त्यापुढची झाडे 'हेरिटेज' समजायची, असे आता आहे. चाळीस वर्षांचे एक झाड गेले तर चाळीस रोपांना जागा दाखवावी लागते. पोडियमवर ती मावत नाहीत. आर्किटेक्टला हे लवकर सांगितले तर तो इमारत चार फूट सरकवून झाड वाचवतो. उशिरा सांगितले तर प्लिंथचे कारण देतो.

नमुने: हवा, पाणी, आवाज

आधारभूत नोंदी पावसाळा सोडून तीन महिने घेतात. ईआयए अहवालासाठी भोवतीचे १० किलोमीटरचे क्षेत्र धरतात आणि हवेच्या प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस, चोवीस तास यंत्र चालवतात. बारा आठवड्यांत एका ठिकाणी चोवीस वाचने जमली पाहिजेत.

मुंबईत ठिकाणे निवडताना लक्षात ठेवा, दुपारी वारा समुद्राकडून आत येतो, हिवाळ्यात रात्री-पहाटे उलटा जमिनीकडून वाहतो. दुपारी प्रकल्पाच्या वरच्या अंगाला ठेवलेले यंत्र पहाटे खालच्या अंगाला असते. वाऱ्याची नोंद साइटजवळच घ्या.

पीएम१०चा, म्हणजे हवेतल्या बारीक धूलिकणांचा, हिशेब एकदा हाताने करून बघा. यंत्राने मिनिटाला १.१ घनमीटर हवा ओढली आणि ते आठ तास, म्हणजे ४८० मिनिटे चालले, तर ५२८ घनमीटर हवा फिल्टरमधून गेली. फिल्टरचे वजन ०.०६३४ ग्रॅमने वाढले असेल तर उत्तर येते घनमीटरला १२० मायक्रोग्रॅम. असे तीन फिल्टर मिळून दिवसाची सरासरी निघते, आणि ती १०० या राष्ट्रीय मानकाशी ताडून बघायची. त्याहून बारीक पीएम२.५साठी दिवसाची मर्यादा ६०. प्रयोगशाळेकडून फक्त अंतिम तक्ता घेऊ नका. फिल्टरची आधीची-नंतरची वजने आणि हवेच्या प्रवाहाची वही मागा. वीज गेलेल्या दिवशीही पूर्ण १,४४० मिनिटे यंत्र चालल्याची नोंद सापडली तर सगळ्या तक्त्यावरचा विश्वास उडतो.

पाण्याच्या नमुन्यात गडबड होते ती बाटलीत. बीओडीचा (जीवाणूंना पाण्यातली घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागतो त्याचा) नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. सीओडीच्या (हाच ऑक्सिजन रसायनाने मोजायच्या) बाटलीत सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच दोनच्या खाली आणतात, धातूंसाठी नायट्रिक आम्ल वापरतात. तेल-ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची वेगळी बाटली लागते. प्लॅस्टिकच्या बाटलीत तेल भिंतीला चिकटते आणि निकाल खोटाच चांगला येतो. जंतूंच्या नमुन्याला निर्जंतुक बाटली, पाण्यात क्लोरीन असेल तर त्यात थायोसल्फेट, नाहीतर उरलेले क्लोरीन वाटेत जंतू मारत राहते. आणि हो, बीओडी आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवसांचा मोजतात. परदेशी पुस्तकातला २० अंश-पाच दिवसांचा आकडा त्याच्या शेजारी ठेवू नका.

आवाजाच्या मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सहा. द्रुतगती मार्गाजवळ हा आकडा प्रकल्प यायच्या आधीच ओलांडलेला सापडेल. जसा सापडला तसाच लिहा. आज जास्त असलेला आकडा उद्या तुमच्याच क्लायंटच्या उपयोगी पडतो.

पाण्याचा ताळेबंद

आता मुख्य काम. ४०० सदनिका, प्रत्येकी पाच माणसे धरून २,००० माणसे. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी, त्यात ९० पिण्या-वापरण्याचे आणि ४५ फ्लशचे. म्हणजे महापालिकेचे पाणी दिवसाला १८० घनमीटर आणि फ्लशला ९० घनमीटर. फ्लशला शुद्ध केलेले सांडपाणीच वापरायचे असल्याने ते महापालिकेकडून मागायचे नसते. नवशिके इथे पूर्ण २७० मागतात आणि जल खात्याकडून आलेल्या पत्राशी त्यांचा तक्ता जुळत नाही.

सांडपाणी किती? वापरलेल्या पाण्याच्या ९० टक्के, म्हणजे १६२, अधिक फ्लशचे सगळे ९०. एकूण २५२ घनमीटर. एसटीपी थोडी मोकळीक ठेवून २८०ची घ्या. शुद्ध होऊन बाहेर पडते साधारण ९० टक्के, २२७ घनमीटर. बाकीचे गाळात आणि फिल्टर धुण्यात जाते.

२२७चे काय करायचे? फ्लशला ९०. बागेला किती? १,६०० चौरस मीटर हिरवळीला चौरस मीटरमागे ६ लिटर धरले तर जेमतेम १०. एकूण १००, म्हणजे ४४ टक्के. गृहप्रकल्पांच्या संमतीपत्रात ६० टक्के पुनर्वापराची अट असते. त्याला १३६ घनमीटर लागतात. ३६ घनमीटरची तूट आहे.

ही तूट भरून काढायचा सोपा मार्ग म्हणजे बागेचा आकडा १०चा ४५ करणे. मंजुरीचा अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीतला एखादा सदस्य हिरवळीच्या क्षेत्राने भागाकार करतो आणि चौरस मीटरला २८ लिटर हे उत्तर बघून म्हणतो, 'बाग करताय की भातशेती?' त्यापेक्षा खरे पर्याय शोधा. गाड्या आणि पोडियम धुणे, दुकाने-ऑफिसे असतील तर त्यांच्या एसीचे कूलिंग टॉवर, जवळच्या बांधकामांना किंवा महापालिकेच्या उद्यानाला टँकरने पाणी. शेवटच्या पर्यायाला घेणाऱ्याचे लेखी पत्र जोडा.

ताळेबंद दोन करायचे, एक कोरड्या ऋतूचा, एक पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर बागेला पाणी लागत नाही, त्यामुळे पुनर्वापर ९०वर येतो, ४० टक्क्यांच्या आत. मुंबईत चार महिने ही अडचण असतेच. समितीलाही ती ठाऊक असते. लपवलीत तर प्रश्न, दाखवलीत तर चर्चा. उरलेले पाणी महापालिकेच्या मलवाहिनीत सोडायला त्या खात्याचे पत्र लागते, आणि पावसाच्या गटारात ते कधीच सोडायचे नसते. इमारतीला अजून मलवाहिनीची जोडणी नसेल तर ताळेबंद कागदावर कितीही सुंदर असला तरी उपयोग नाही.

कचऱ्याचा हिशेब याच माणसांवरून: माणशी अर्धा किलो, म्हणजे दिवसाला एक टन. दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारे मोठे उत्पादक ठरतात, तेव्हा ओला कचरा आवारातच जिरवायची जागा नकाशात दाखवा. यंत्राची खोली एसटीपीशेजारी ठेवा, पार्किंगच्या टोकाला नाही. कचऱ्याचे डबे उतारावरून कोण ढकलणार?

समितीसमोर

सादरीकरणाला जाताना आर्किटेक्ट, एसटीपीवाला आणि प्रकल्पाचा जबाबदार माणूस सोबत न्या. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात: अग्निशमन गाडी वळायला जागा आहे का, झाडांना खरी जमीन मिळते का की सगळे पोडियमवर, भरतीला गटार चालते का, पार्किंगमधला धूर कुठे जातो. आणि डीजीची चिमणी. तिची उंची इमारतीच्या उंचीत ०.२ गुणिले केव्हीएचे वर्गमूळ मिळवून येते; ५०० केव्हीएला इमारतीच्या माथ्यावर साडेचार मीटर. चिमणी तिसऱ्या मजल्यावर सोडलेली नकाशात दिसली तर तिथेच थांबवतात.

मंजुरी मिळाली की सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत, त्यातल्या एका मराठीत, जाहिरात द्यायची अट मंजुरीपत्रातच असते. ती राहून गेलेली फाइल आश्चर्यकारक संख्येने सापडते. मंजुरीविरुद्ध अपिलाची ३० दिवसांची मुदत असते, त्यामुळे जाहिरातीचे पूर्ण पान तारखेसह जपून ठेवा. महाराष्ट्राची अपिले हरित लवादाच्या पुण्याच्या खंडपीठाकडे जातात.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती वेगळी घ्यावी लागते. तिचा अर्ज ऑनलाइन असतो. मंडळाचे मुख्यालय सायनला कल्पतरू पॉइंटमध्ये आहे. शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरते आणि सीएचे प्रमाणपत्र लागते. त्यातली रक्कम परिवेशवरच्या प्रकल्पखर्चाशी जुळते का पाहा. जमिनीची किंमत एकात धरून दुसऱ्यात सोडणे हा नेहमीचा घोळ.

बांधकाम चालू असताना

मंजुरीपत्रातल्या अटींचा तक्ता करून साइट इंजिनिअरच्या भिंतीवर लावा, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. ऑक्टोबर २०२३च्या महापालिकेच्या धूळ-नियमांनुसार ७० मीटरपेक्षा उंच इमारतींना किंवा एक एकरापेक्षा मोठ्या भूखंडांना ३५ फुटी पत्र्याचे कुंपण लागते, त्याहून लहान भूखंडांना २५ फूट. आपला भूखंड जवळजवळ अडीच एकर, म्हणजे ३५ फूट. इमारतीला ओले हिरवे कापड, गेटवर चाके धुण्याची जागा, राडारोडा झाकून नेणे, पाण्याचे फवारे.

चाके धुण्याची जागा कागदावर सगळीकडे असते, चालू क्वचित. तिच्या गाळाची टाकी आठ दिवसांत भरते आणि उपसायचे काम कुणाच्याच यादीत नसते. उपसण्याची वही ठेवायला लावा. राडारोड्याच्या प्रत्येक खेपेची पावती घ्या. रात्री खाडीकाठी रिकामी होणारी एक गाडी सगळ्या अहवालांवर पाणी फिरवते, कारण तिथे फोटो काढणारे जागरूक लोक असतात.

एसटीपी चालू होते तेव्हा

पहिल्या वर्षात जवळजवळ प्रत्येक एसटीपी आजारी पडते. २८० घनमीटरच्या प्लांटला सुरुवातीला साठच घरांचे, दिवसाला ३८ घनमीटर सांडपाणी मिळते. हवा पूर्ण क्षमतेने, अन्न सातव्या हिश्श्याने. जीवाणू उपाशी मरतात आणि पाणी गढूळ येते. म्हणून डिझाइनच्या वेळीच १४०चे दोन भाग करा आणि सुरुवातीला एकच चालवा. सुरू करताना जवळच्या चालू प्लांटचा गाळ आणा. शेणही चालते, पण जम बसायला वेळ लागतो.

नंतरच्या तक्रारी ठरावीक. रात्री ब्लोअरचा आवाज येतो म्हणून सोसायटी तो बंद करते आणि सकाळी टाकीला कुजका वास. ओले टिश्यू पंपात अडकतात, कारण जाळी आठवडाभर कुणी साफ केलेली नसते. बीओडी लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत ठेवायची अट बहुतेक नव्या संमतीपत्रांत असते, आणि ती अशा प्लांटला झेपत नाही. रहिवासी फ्लशच्या पाण्याला वास आला की प्लंबर बोलावतात आणि तो अर्ध्या तासात फ्लशची टाकी महापालिकेच्या लाइनला जोडतो. पुनर्वापराचे ९० घनमीटर तिथेच संपतात. मीटर फ्लशच्या लाइनवर बसवला असेल तर हे महिन्याभरात कळते, एसटीपीच्या तोंडाशी बसवला असेल तर कधीच नाही.

कारखान्याची फाइल

तळोजा, टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा) किंवा अंधेरीच्या गाळ्यातल्या कारखान्याची फाइल लहान दिसते, पण तिच्यात बारकावे जास्त. आधी प्रदूषणाच्या शक्यतेवरून ठरणारा वर्ग बघा: लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२५ मध्ये वर्गवारी नव्याने केली, तेव्हा जुन्या संमतीपत्रावरचा रंग तसाच उतरवू नका.

संमतीपत्रावर उत्पादन आणि त्याचे परिमाण लिहिलेले असते. महिन्याला ५० टनांची संमती आणि जीएसटीच्या कागदांत ८० टन, ही तफावत पाण्याच्या तपासणीआधी पकडली जाते. घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. पिंपावर नमुना ८चे लेबल, नोंद नमुना ३ मध्ये, गाडीसोबत नमुना १०चे मॅनिफेस्ट (वाहतुकीचा कागद). सगळ्यात जास्त चूक पिंपाखाली होते. साध्या लादीवर पिंपे ठेवतात, गळले की गटारात. उंबरठा केलेली, छत असलेली, पाणी न मुरणारी फरशी लागते.

तारखा

फोनमध्ये आजच टाका. पर्यावरण मंजुरीचे सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला. घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण, नमुना ४, ३० जूनला. पर्यावरण विवरणपत्र, नमुना ५, ३० सप्टेंबरला. संमतीचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी. नकाशात बदल झाला तर मंजुरीत दुरुस्ती लागेल का, हे बदल बांधायच्या आधी विचारायचे.

सहामाही अहवालात प्रत्येक अटीपुढे 'पालन केले जाईल' असे लिहू नका. बांधकाम संपल्यावरही ते वाक्य तसेच राहिलेले अहवाल नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयात पोहोचतात. त्याऐवजी काय केले, कधी केले, किती केले ते लिहा: '१४ मार्चपर्यंत ६२ रोपे, पैकी ५५ जिवंत'. सात मेली असतील तर सात मेली म्हणून लिहा आणि पुढची लागवड जूनमध्ये दाखवा. सोबतच्या फोटोंवर तारीख आणि अक्षांश-रेखांश दिसू द्या. मागच्या अहवालातला फोटो पुन्हा वापरलात तर झाडांच्या सावलीवरून आणि टिनाच्या गंजावरून तो ओळखू येतो.